पुढे जाणारा रिव्हर्स

गाडीच्या मागून येणारा घूं घूं आवाज घालवायचा, एवढंच मी ठरवलं होतं. तो आवाज तसा मला चालत होता. मीही घोरतो, गाडीही घोरते, एका घरातली माणसं. पण बायकोने फर्मान काढलं होतं.

"या खटाऱ्याने मला अजून एकदा, फक्त एकदा, रस्त्यात उतरवलं ना, तर भंगारवाला. मी त्याच्याशी बोलून ठेवलंय."

बोलून ठेवलं होतं हे खरं. तो येऊन गाडी बघूनही गेला होता. जाताना बॉनेटवरून असा हात फिरवला मेल्याने, की मी लगेच फडकं घेऊन बॉनेट पुसून काढलं. ही गाडी माझ्या तरुणपणीची. तिचा उजवा दरवाजा लाथ मारल्याशिवाय लागत नाही आणि ती लाथ नेमकी कुठे मारायची हे जगात फक्त मला ठाऊक आहे. असं कौशल्य एकदम भंगारात घालायचं?

त्यात रविवारी मेहुणीकडे जेवायला जायचं होतं. मेहुणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, याने नवी कोरी गाडी घेतलेली. पट्टा लावला नाही तर ती बोलते म्हणे. (साडूही असाच, कुणी काही विचारलं नाही तरी बोलतो.) तेव्हा गाडी शनिवारीच गॅरेजला नेली.

आमच्या मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ऐकतो. त्याने ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "काका, डिफ्रन्शल गेलं."

मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी भोपळ्यासारखं असतं ना, तेच ते. इंजिनाचा जोर चाकांना वाटून देतं. माझं शिक्षण सातवीपर्यंत (आठवीने माझी वाट बघून नाद सोडला), त्यामुळे यापुढचं मला विचारू नका.

"नवीन टाकतो. गाडी ठेवून जा, सोमवारी या," डॉक्टर म्हणाला.

"सोमवारी गाडीचं तेरावं असेल. आजच कर. मी बसतो इथेच, तुला करमणूक."

पुढचं सगळं रामायण घडलं ते या हट्टामुळे. डॉक्टर गाडीखाली शिरला, त्याचा भाऊ वरून पाने देऊ लागला आणि मी टायरवर बसून साडूची नक्कल सुरू केली. साडू नव्या गाडीत कसा बसतो, बसल्यावर मान कशी ताठ करतो, गाडी बोलली की तिला "हो हो" कसं म्हणतो. दोघे हसून हसून लोळायला आले. डॉक्टर तर आधीपासूनच लोळलेला होता. गाडीखालून नुसते पाय हसताना दिसत होते.

संध्याकाळी काम झालं. "ट्रायल?" मी विचारलं.

"काका, इतक्या वर्षांचा हात आहे. ट्रायल शिकाऊ लोक घेतात."

मी बसलो. दरवाजाला लाथ घातली. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी झोकात मागे जाऊन टायरच्या ढिगावर आपटली.

"काका, रिव्हर्स काढा!"

"अरे, पहिलाच आहे!"

"पुरे आता तुमची चेष्टा," म्हणत डॉक्टर हेल्मेट घालू लागला.

"आईशप्पथ सांगतो, पहिल्यात मागे जातेय!"

"मागे एकदा डिकीत बोल्टांचा डबा बांधून, आवाज कुठून येतो शोध म्हणून मला अर्धा दिवस गाडीखाली झोपवलंत, तेव्हाही आईशप्पथच घेतली होती." आणि दोघे भाऊ शटर ओढून, स्कूटरवर बसून, हसत निघूनही गेले.

मी दुसरा टाकला. मागे, पण जोरात. तिसरा टाकायची छाती झाली नाही. शेवटी देवाचं नाव घेऊन रिव्हर्स टाकला, आणि गाडी शहाण्यासारखी पुढे निघाली! म्हणजे आता माझ्याकडे मागे जायला चार गिअर होते आणि पुढे जायला एक. बऱ्याच संसारांचा हिशेब असाच असतो म्हणा.

आवाज मात्र पूर्ण गेला होता, डॉक्टरचं तेवढं श्रेय दिलंच पाहिजे. पण त्याच्या जागी दुसरा आला. मागच्या वर्षी साडूने आम्हाला एक डबी भेट दिली होती, स्वतःच्या हाताने बसवूनही दिली होती. रिव्हर्स टाकला की डबीतली बाई ओरडते, "सावधान! गाडी मागे येत आहे!" आता गाडी पुढे चालली की बाई ओरडू लागली. वायर तोडायला गेलो तर मागचे सगळे दिवे गेले. साडूचं काम! मुकाट्याने पुन्हा जोडली.

रविवारी बायको नटूनथटून शेजारी बसली. निघालो.

"सावधान! गाडी मागे येत आहे!"

"ही बया खोटं का बोलतेय?"

"नवीन पार्ट आहे, रुळायला वेळ लागतो."

"आणि एवढं हळू का?"

"तेही रुळण्याचंच."

मागून येणारे स्कूटरवाले बाईचं ऐकून करकचून ब्रेक मारत होते. रिव्हर्सचा पांढरा दिवा बघून बस थांबली, बसमागे ट्रक थांबला. एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता. चौकातल्या पोलिसाने शिट्टी फुंकली.

"ओ आजोबा, नक्की पुढे चाललाय की मागे?"

"साहेब, तुम्ही म्हणाल तिकडे."

त्याने दोन्ही हात जोडून आम्हाला वाट दिली. बायको खिडकीबाहेर बघत होती.  

मेहुणीच्या दारात पोचलो तेव्हा साडू फाटकात उभाच होता. त्याची नवी गाडी आत, तोंड आमच्याकडे करून. मी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबलो.

"या या भावजी, ताई!" मेहुणी म्हणाली.

"साडूभाऊ, जरा मागे घ्या हो," साडू म्हणाला. "माझ्या गाडीला श्वास घेऊ द्या. राहू द्या, उतरा तुम्ही, मीच घेतो. वय झालं तुमचं."

मी उतरलो. आणि देवाशप्पथ, या वेळी मी अगदी खरं बोललो. "साडूभाऊ, मागे घ्यायची तर पहिला गिअर टाका."

"ही चेष्टा दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"अहो, खरंच!"

"मला शिकवता?"

साडू बसला. मान ताठ केली. रिव्हर्स टाकला, सीटवर हात टाकून मान पूर्ण मागे वळवली आणि मागे कुणी नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून बघत ॲक्सिलरेटर दाबला.

"सावधान! गाडी मागे येत आहे!" बाई म्हणाली, आणि आमची गाडी पुढे जाऊन त्याच्या नव्या गाडीच्या नाकावर बसली. दिवा फुटला. नवी गाडी बोंब मारायला लागली. साडू मात्र अजून मागेच बघत होता.

बायको खळखळून हसली. मेहुणीने रागाने बघितलं, तरी हसली.

परत येताना बायको म्हणाली, "मला चौकातच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्याबरोबर जन्म काढलाय, उलटं चालणारं काही मला नवीन आहे का? भंगारवाल्याला नको म्हणून सांगते. असं जेवण मी कधी जेवले नव्हते."

मी आनंदाने स्टिअरिंगचा मुका घेतला. गाडी वाचली!

डॉक्टरने मग डिफ्रन्शल उघडलं, आणि डोक्याला हात लावला. "काका, तुम्ही ती मान ताठ करायची नक्कल केलीत ना, तेव्हाच बसवलं हे. वरची बाजू खाली गेली, म्हणून चाकं उलटी फिरत होती." त्याने सरळ करून दिलं, ट्रायल स्वतः घेतली, गाडी घरी आणून लावली.

दुसऱ्या दिवशी मी ऐटीत निघालो. समोर फाटक उघडं. सवयीने रिव्हर्स टाकला, ॲक्सिलरेटर दाबला, आणि कपडे वाळत घालायच्या दांड्यांसकट मागच्या भिंतीवर गेलो.

"डॉक्टरने पुन्हा उलटं बसवलं!" मी चादरीखालून ओरडलो.

बायकोने गाडीच्या खिडकीतून डोकं घालून गिअरकडे बघितलं. "गाडी सरळ झालीय. फक्त तुम्हीच राहिलात."

धडाका ऐकून भंगारवाला धावतच आला.

"गाडी नाही द्यायची," बायको म्हणाली.

"मग काय द्यायचंय?" त्याने मला खालपासून वरपर्यंत बघत विचारलं.

आणि बायको, शप्पथ सांगतो, विचारात पडली.