कुमुदिनीबाईंनी नवव्या मजल्यावर दोरी राखिली त्याचें वर्तमान

श्रीसूर्यनारायण साक्ष. शके एकोणीसशें एकोणतीस, सर्वजित नाम संवत्सरीं, वैशाख मासीं, मुक्काम गुडगांव, कुमुदिनीबाईसाहेबांनी कपडे वाळवण्याचे दोरीस्तव मोहीम केली, ती जैसी घडली तैसी लिहिली असे.

कारण ऐसें जें, सोसायटीचे सेक्रेटरी बत्रासाहेब यांचा सक्त हुकूम होता कीं, बाल्कनींत कपडा दिसों नये, इमारतीची शान जाते. बाहेर ऊन रणरणत असतां यजमान सूर्यकांतराव यांचे सदरे आंत पंख्याखालीं कुबट होऊन गेले, आणि मग चिरंजीव गौरवराव यांनी कपडे सुकवण्याचें विजेचें यंत्र आणण्याचा बेत मुक्रर केला. बाईंस बहुत संताप आला. दारीं एवढें ऊन आणि घरांत यंत्र? शोभतें काय!

इतक्यांत हवामानबदल रयतेस समजावणारी एक धर्मादाय संस्था चालोन आली. अध्यक्षीणबाई खालीं गाडीचा एसी चालूच ठेवोन तासभर बोलिल्या, आणि उन्हांत कपडे वाळवा, धरती वांचवा, ऐसें फर्मान सुटलें, आणि बत्रासाहेबांनी सर्वांआधीं टाळ्या पिटिल्या. बाईंनी भरसभेंत दोरीची परवानगी मागितली.

"आंटीजी, ये तो अवेअरनेस है, करना थोडी है!" बत्रासाहेब बोलिले.

मग तेंच फर्मान छापिलेला प्लास्टिकचा अजस्र फलक, रस्त्यावरोन दिसावा म्हणोन, बाईंचेच बाल्कनीस जाड दोरीनें बांधिला. त्यानें मात्र शान गेली नाहीं! बाईंनी दोरी ओढोन पाहिली. गौरवराव विनविते जाहले, "आई, पानिपत इथून दोन तासांवर आहे. जरा जपून, यार."

दुसरे दिवशीं अध्यक्षीणबाईंसह संस्थेचे फोटोवाले येतांच बाईंनी चिमटे घेऊन त्याच दोरीवर आपलें लुगडें, आणि मग सदरे, आणि मग यजमानांची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी चढविली. बत्रासाहेब धांवले, परंतु दोरी सोडावी तर फलक पडतो, आणि फलकावर खुद्द त्यांचीच हसरी छबी! अध्यक्षीणबाई तों हर्षित जाहल्या. फर्मान कोणी खरेंच पाळिलें, हें त्यांनी प्रथमच पाहिलें. निरुपाय होऊन बत्रासाहेबांनी तह केला. दोरी कायम जाहली, यंत्राचा बेत मोडला.

सायंकाळीं बाई कपडे काढों गेल्या, तों समोर नवे टॉवर उठत होते, त्यांची धूळ बसोन सदरे मातकट जाहलेले. बाईंनी ते पुन्हा बादलींत भिजविले.

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली. सदरे तिसऱ्यानें धुवोन अद्याप वाळत आहेत.