तानिमोतोसान आणि ताटातले काटे

तानिमोतोसानांच्या पंगतीला बसायचं तर एक नियम पाळावा लागतो: आपलं ताट आपण उचलायचं नाही. जेवण झालं की हे साठी ओलांडलेले किडकिडीत जपानी गृहस्थ चष्मा कपाळावर चढवतात, तुमच्या ताटावर ओणवे होतात आणि उरलेले काटे चॉपस्टिकने उलटसुलट करून बघतात. मध्येच कुणी ताटाला हात लावला की ओरडतात, "नो थ्रो!"

मी पास्कल, मूळचा वसईचा. ऑफिस मस्कतला, अल् खुवैरमध्ये. परदेशी पाहुण्यांचे कॅम्प लावून देणं हे माझं काम. तंबू, पाणी, गाड्या, खाणं, सगळं बघायचं. तेल कंपन्यांची माणसं मी बरीच सांभाळली आहेत. एसी बंद पडला की त्यांना राग येतो. तानिमोतोसानांना कचऱ्याची बादली रिकामी दिसली की राग येतो.

कारण त्यांची विद्याच कचऱ्याची. ओमानमधल्याच सूर शहराच्या पुढे समुद्रकाठी शिंपल्यांची एक टेकडी आहे. काही हजार वर्षांपूर्वी, लिहिणं-वाचणं कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हा तिथे माणसं राहिली, त्यांनी मासे खाल्ले आणि उरलंसुरलं दाराबाहेर टाकलं. त्याचीच टेकडी झाली. दर हिवाळ्यात हे प्रोफेसर जपानहून येतात आणि ती टेकडी ब्रशने झाडत बसतात. मोडकं इंग्रजी आणि आमच्या आचाऱ्याकडून उचललेलं हिंदी मिसळून मला सांगतात, "पास्कलसान, राजा झूठ बोलता है. कचरा नो झूठ."

आमचे आचारी हमीदभाई रत्नागिरीचे. त्यांचं मत निराळं होतं. "आमच्या गावात उकिरडा उकरायला कोंबड्या असतात. त्यांना कुणी प्रोफेसर म्हणत नाय."

पण एकदा प्रोफेसरांनी हमीदभाईंच्या ताटातले काटे बघितले आणि विचारलं, "फास्ट खाना. बचपन में भाई-बहन बहुत?" हमीदभाईंना नऊ भावंडं. त्या दिवसापासून ते यांना टरकून असत. माझं ताट बघून मात्र प्रोफेसर हताश व्हायचे. "पास्कलसान के बाद बिल्ली भूखा."

टेकडीत त्यांना एका हामूर माशाचे मणके सापडले होते, चांगले दांडगे. तो मासा केवढा होता, हे ठरवायला तितकाच मोठा ताजा हामूर हवा होता, तोही एकूण एक हाडासकट. त्यासाठी त्यांनी तीन हिवाळे सूरच्या कोळ्यांचं डोकं खाल्लं. या मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. म्हणजे हा शेवटचा हिवाळा. मासा मिळाला नसता तर इतक्या वर्षांचं काम अर्धवट राहिलं असतं.

आणि मासा मिळाला! दोघांनी उचलून आणावा एवढा. प्रोफेसरांनी तो बर्फाच्या पेटीत निजवला, वर जपानीत चिठ्ठी लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो उकळायला मोठं पातेलं आणायला सूरला गेले.

तो दिवस शुक्रवार, सुट्टीचा. हमीदभाईंनी पेटी उघडली. चिठ्ठीवर तांबडी अक्षरं, खाली दोन रेघा. त्यांनी ओळखलं, प्रोफेसर निरोपाची पार्टी देताहेत! मासा हाडांसाठी हवा होता हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक होतं! मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुपारी पातेलं घेऊन प्रोफेसर तंबूत शिरले तेव्हा कॅम्पवरच्या आम्हा बाराजणांचे हात कालवणात होते. त्यांनी बर्फाची पेटी बघितली. मग आम्हाला बघितलं.

"नो थ्रो," ते म्हणाले. या वेळी अगदी हळू.

हमीदभाईंच्या हातातला डाव खाली पडला. प्रोफेसर मात्र ओरडले नाहीत. त्यांनी प्रत्येकासमोर एक वाटी ठेवली आणि वाकून नमस्कार केला. "प्लीज. खाओ. स्लोली."

मासा इतक्या जबाबदारीने मी जन्मात खाल्ला नव्हता. डोकं माझ्या ताटात होतं, त्यामुळे सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. कॅम्पच्या मांजराने एक तुकडा पळवला, त्याच्यामागे चार माणसं धावली. हमीदभाईंनी कोयता सांध्यांवरच घातला होता, मणके शाबूत होते. ते बघून प्रोफेसरांनी हमीदभाईंचा मसाल्याचा हात दोन्ही हातांत धरला.

मग टेबलावर पांढरी चादर अंथरली. प्रोफेसर चॉपस्टिकने एकेक हाड उचलून जागेवर मांडू लागले. मीही मदतीला चॉपस्टिक घेतल्या. एक मणका उचलला आणि त्यांच्या चॉपस्टिकसमोर धरला.

चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

"असं चॉपस्टिकमधून चॉपस्टिकमध्ये देत नाहीत," ते आपल्या मोडक्या भाषेत सांगू लागले; मी ते माझ्या शब्दांत जुळवून सांगतोय. "आमच्याकडे फक्त एकदाच देतात. माणूस गेल्यावर. दहन झालं की घरचे लोक हाडं उचलतात. एकाने उचलायची, दुसऱ्याने घ्यायची. पायापासून सुरुवात, डोकं शेवटी."

ते चष्मा पुसत राहिले.

"आई गेली तेव्हा मी इथे होतो. सीझनचे नऊ दिवस उरले होते. मी म्हटलं, संपवून येतो. पण हे काम दोघांचं असतं. माझ्या बहिणीने शेजारणीला बोलावलं."

हजारो वर्षांपूर्वी परक्यांनी खाऊन टाकलेली हाडं जपणारा हा माणूस. मला फार वाईट वाटलं. माझ्या वडिलांच्या मातीला मीही पोचलो नव्हतो. आखातात आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मी मणका परत चादरीवर ठेवला. तानिमोतोसानांनी तो मणका बघितला, चष्मा चढवला आणि स्वतःच्या चॉपस्टिक माझ्यासमोर धरल्या.

"द्या," ते म्हणाले. "शेपटीपासून."