फेल्सवाल्डचा डोंगर घर बघायला येतो

आल्प्समधल्या फेल्सवाल्ड गावात सुट्टीला जायचं ठरलं, की बुकिंग पक्कं होण्याआधी तिथला डोंगर स्वतः घर बघायला येतो; तसा तो गुरुवारी दुपारी चार वाजता विट्याला, कुमुदिनीच्या दारात आला.

ही सहल तिच्या नवऱ्याला, दिगंबरला, पाइप कंपनीकडून मिळाली होती. सगळ्यात जास्त पाइप विकणाऱ्या दुकानदाराला सहकुटुंब आठ दिवस, आणि बर्फावर स्की शिकवणार ते वेगळंच. दिगंबरनं स्वेटरसुद्धा आणून ठेवले होते. कुमुदिनीला मात्र एकच घोर होता, मनवाचा. चार वर्षांची पोर. अंगणातल्या फरशीवर जरा जोरात पळाली तरी कुमुदिनी मागं धावायची. तिथं तर पायाला फळ्या बांधून उतारावर सोडून देणार.

डोंगर अंगणात मावला नाही. पायथा तेवढा फाटकातून आत आला, बाकीचा रस्त्यावर थांबला. दिगंबरनं टेबलफॅन त्याच्याकडं वळवला. सासूबाईंनी पोह्यांची बशी पुढं केली.

"घ्या की पाव्हणं. लाजायचं न्हाई."

"तिखट आहेत का?" डोंगरानं विचारलं.

"मिरची बाजूला काढा."

डोंगरानं मिरची बाजूला काढली. मग त्यानं रीतीप्रमाणं विचारपूस केली. बुटाचा नंबर काय, गुडघे दुखतात का. सासूबाई म्हणाल्या, माझे दुखतात, पण मी खिडकीत बसून नुसती बघणार हाय. डोंगराला ते चाललं.

"मुलीनं जरा पडून दाखवावं," तो म्हणाला.

मनवा आईचा हात धरून उभी होती. ती काही पडेना.

"हिची आई तिला पडूच देत नाही हो," दिगंबर ओशाळून म्हणाला.

"एकदाही नाही?"

"मी असताना का पडेल?" कुमुदिनी म्हणाली.

डोंगराच्या खांद्यावरचा थोडा बर्फ चपलांच्या स्टँडवर पडला. सासूबाईंनी तो केरसुणीनं गोळा केला.

मग कुमुदिनीनं पदर सावरून विचारलं. मुलीकडच्यांनीही विचारायचं असतं. "तुम्ही हिला पाडणार का?"

"पाडणार," डोंगर म्हणाला. "पहिल्या दिवशी बारा-पंधरा वेळा."

"आणि उचलणार कोण?"

"तीच उठेल. मला हात नाहीत."

दिगंबरनं कपाळाला हात लावला. कुमुदिनीला मात्र बरं वाटलं; हा निदान खरं सांगत होता. तिला स्वतःला बघायला तीन घरची माणसं आली होती आणि तिन्ही घरांनी मुलीला फुलासारखी जपू म्हणून सांगितलं होतं. त्यातलं एक हे घर.

"आम्हाला पसंत आहे," डोंगर निघताना म्हणाला.

"आम्ही कळवतो," कुमुदिनी म्हणाली.

"अगं, डोंगराला कुणी कळवतो म्हणतं व्हय!" सासूबाई करवादल्या.

"पोरीचा प्रश्न आहे, आत्या."

उत्तर मिळाल्याशिवाय डोंगराला परत जाता येत नाही. तो शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर थांबला. नगरपालिकेचा माणूस येऊन वहीत 'तात्पुरता' असं लिहून गेला. पलीकडच्या पाटलीणबाईंच्या कुरडया वाळेनात, एवढी एकच तक्रार आली. फेल्सवाल्डहून पत्र आलं : डोंगर नसल्यामुळं रोपवेचे पाळणे नुसते हवेत लटकले आहेत, कृपया लवकर कळवावे. कुमुदिनीनं उलट टपाली लिहिलं : मुलीला सर्दी आहे. बघतोय.

रोज संध्याकाळी चहा झाला की ती मनवाला घेऊन डोंगराच्या पायथ्याशी जायची. पहिल्या दिवशी दंड धरून. दुसऱ्या दिवशी मनगट. मग दोन बोटं, मग एक.

"अजून थोडं वर येऊ दे," डोंगर म्हणायचा.

"घाई करू नका."

"घाई नाही. पण तिकडं लोक खोळंबलेत."

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी मनवा एकटीच दहा-बारा पावलं वर गेली, वळली आणि घसरत खाली यायला लागली. मधेच आपटली. दिगंबर धावला. कुमुदिनीनं मागून त्याचा शर्ट धरला.

"थांबा हो. बघू दे."

मनवानं इकडंतिकडं पाहिलं. उठली, फ्रॉकवरचा बर्फ झटकला आणि पुन्हा वर चालू लागली.

"जा, पुढं होऊन सांगा डोंगराला, आम्ही येतोय म्हणून," कुमुदिनी म्हणाली. पण दिगंबरला काही जाता येईना. त्याचा शर्ट अजून तिच्या मुठीतच होता.