तेउनिसचं दुसरं बिस्किट

आमच्या गावचा तुरुंग गोल आहे. वर घुमट, कडेनं चार मजल्यांवर दोनशे कोठड्या आणि बरोबर मध्ये पहारेकऱ्याची काचेची खोली. एकानं दोनशेंवर नजर ठेवावी आणि तो कुणाकडे बघतोय हे कैद्यांना कळू नये, म्हणून काचांना पडदे लावावेत, असं नकाशातच लिहिलेलं होतं. मी तिथला कारकून. पडदे मीच मागवले.

पहारेकरी तेउनिसनं ते परत केले.

"साहेब, आमच्या घरात आजोबांपासून कुणी पडदा ओढलेला नाही. लोक म्हणतील, याला काय लपवायचंय?"

संचालक ओल्डेनझाल स्वतः रस्त्यावरच्या उघड्या खिडकीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या साक्षीनं जेवणारे गृहस्थ. त्यांना हे पटलं. पडदे कोठारात गेले. आता एकजण दोनशेंना बघू लागला आणि दोनशे एकाला. कैद्यांना वेळही भरपूर होता.

मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, तेउनिसनं कॉफीबरोबर दुसरं बिस्किट घेतलं. आमच्याकडे एक बिस्किट घेतात आणि डब्याचं झाकण लावतात. राजवाड्यातही याहून वेगळं चालत नसावं.

"काका, दुसरं!" एकशे चौदा नंबरातून सायकलचोर हार्मेन ओरडला.

"अरे, पहिलं तुटकं होतं रे!"

"तुटकं असलं तरी एकच धरतात. आणि डबा सरकारी!"

हार्मेननं सुवाच्य अक्षरात तक्रार केली. तक्रार आली की चौकशी आलीच.

"दोनशे साक्षीदार आणि एकाच्याही जबाबात फरक नाही," चौकशी अधिकारी भारावून म्हणाले. "तेउनिस, त्या वेळी तुम्ही कैद्यांकडे बघत होता?"

"नाही साहेब. डब्यात."

"लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. तेउनिसच्या पेन्शनला सात महिने उरले होते. मग तो समुद्राकाठी लेकीकडे जाणार होता, नातवाला मासे पकडायला शिकवणार होता. मला फार वाईट वाटलं. अक्षर मात्र चांगलं आलं.

वरून आदेश आला: पाळतीची व्यवस्था उत्तम असून केवळ दिशा बदललेली आहे. सबब पहारेकऱ्यास त्याच जागी, त्याच साक्षीदारांच्या निरीक्षणाखाली ठेवावे. सलग बारा महिने वर्तन निर्दोष आढळल्यास पेन्शनचा विचार व्हावा. एकदा जरी चूक झाली तरी पेन्शन रद्द.

जूनमध्ये हार्मेनची शिक्षा संपली. हातातलं निरीक्षणाचं काम अपुरं असल्याचं कळवून त्यानं मुदतवाढ मागितली. ती मंजूर झाली. पुढे कारभार पारदर्शक असावा म्हणून रविवारी चर्च सुटल्यावर नागरिकांनाही वरच्या सज्जात सोडू लागले.

गेल्या रविवारी मीही बायकोला घेऊन गेलो. अकरा महिने निर्दोष गेले होते. तेउनिसनं कॉफी ओतली. डबा उघडला. एक बिस्किट खाल्लं. त्याचा हात पुन्हा डब्याकडे गेला, तसा सगळा घुमट चिडीचूप झाला.

त्यानं झाकण लावलं.

"हे काय हो," बायको म्हणाली, "उगाच आलो."

मला तेउनिसबद्दल आनंदच व्हायला हवा होता. पण खरं सांगतो, माझीही जराशी निराशाच झाली. तुमचीही झाली ना?