रिकामी गाडी चार्ज घेत न्हाई

आमचे शेजारी किसनतात्या कुणाच्याही घरी गेले, मग ते बारशाला असो की दहाव्याला, तरी उंबरा ओलांडण्याआधी दारातल्या गाडीच्या बोनेटवरून एक बोट फिरवतात. ते बोट उजेडात धरून धूळ बघतात आणि घरात शिरता शिरता विचारतात, "कवा फिरवली?" एकदा आळीतले एक आजोबा वारले. सांत्वनाला आलेली माणसं माना खाली घालून बसली होती. तात्याही बराच वेळ तसेच बसले. उठताना थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "आठ दिस गाडी हलली न्हाई तुजी." मुलगा म्हणाला, "तात्या, सुतक हाय." तात्या म्हणाले, "सुतक तुला हाय गड्या. बॅटरीला न्हाई."

तात्या फौजेत बावीस वर्षं ड्रायव्हर होते. हवालदार म्हणून पेन्शनीत आले. सत्तरी ओलांडली तरी पाठ सरळ, दाढी रोज, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. घरात एकटेच असतात. स्वतःची गाडी नाही, पण गावातल्या प्रत्येक गाडीची बॅटरी केव्हा बसवली ते त्यांना तोंडपाठ.

मी सांगलीच्या एका कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरी, कोरेगावजवळच्या या गावी येऊन राहिलो. फिजिक्सचं मोठेपणासाठी सांगत नाही. म्हणजे, थोडं मोठेपणासाठीच सांगतो. कारण तात्यांची आणि माझी पहिली गाठ पडली तीच माझ्या फजितीतून. माझ्या गाडीत मी प्रीमियम बॅटरी बसवून घेतली होती. दुकानदारानं पाच वर्षं बघायला नको म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी, ऐन डिसेंबरच्या सकाळी, चावी फिरवली तर गाडीनं नुसता टक असा आवाज केला.

मी कुणाला बोलावलं नव्हतं. तरी तात्या कुंपणावरून आले, बोनेट उघडलं, डोळे बारीक केले आणि निकाल दिला, "बसून मेली."

"बसून कशी मरेल? मी रोज गाडी काढतो!"

"कुटवर?"

"मंडईपर्यंत. भाजी आणायला."

तात्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "आवं सर, सेल मारताना ती जेवढं खाती, तेवढं मंडईपातूर भरून येत न्हाई. रोज उपाशी ठेवलीसा. अर्ध्या पोटी ऱ्हायली की प्लेटांवर पांढरी खपली धरती, आन् ती एकदा धरली की सुटत न्हाई."

"मग थंडीतच कशी गेली?"

"गेली उन्हाळ्यातच. पत्र्याखाली तापत व्हती तवाच आतनं वाळली. थंडीनं फकस्त उघडं पाडलं."

"अहो, पण प्रीमियम होती!"

"प्रीमियम म्हंजे प्लेटा जाड. भूक तीच. नीट फिरवली तर पाच-सहा वर्सं कुटं जात न्हाई. बसवून ठिवली तर साधी काय आन् भारी काय."

यातलं प्रत्येक वाक्य शास्त्राला धरून होतं, हे मला मान्य करावं लागलं. मला ते मान्य करायला दोन दिवस लागले, एवढंच.

आता आमच्या गावात घराआड एक माणूस फौजेत आहे. पोरं सुट्टीवर येतात, हौसेनं गाडी घेतात, महिनाभर मिरवतात आणि कव्हर घालून परत सरहद्दीवर जातात. गाडी दारात वर्षभर उभी. आतलं घड्याळ आणि चोरघंटी थेंबाथेंबानं बॅटरी पीत बसतात. तात्यांनी अशा गाड्या आपणहून अंगावर घेतल्या होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वार लावलेले. सोमवारी देशमुखांची पांढरी, मंगळवारी शिंद्यांची लाल, असं करत गुरुवारी आमच्या समोरच्या हिराकाकींच्या लेकाची, विजयची निळी. प्रत्येक गाडी पुसेगावपर्यंत जायची आणि यायची. "मंडईवाल्यागत दहा मिंटं न्हाई," असं ते मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे.

इथवर आमचं जमलं. बिनसलं ते लोडावरून.

तात्यांचा नियम असा, की गाडी फिरवायची तर मागच्या सीटवर त्या घरची म्हातारी बसलीच पाहिजे. "रिकामी गाडी चार्ज घेत न्हाई. लोड पायजे." मी म्हणालो, तात्या, गाडीत कोण बसलंय हे बॅटरीला कळत नाही. त्यांनी ऐकलं नाही. मी वहीत आकृती काढून दाखवली. त्यांनी ती उलटी धरून बघितली आणि म्हणाले, "सर, तुमी पुस्तकातली बॅटरी शिकवलीसा. ही गाडीतली हाय." पुढं तर कहरच केला. हिराकाकींच्या गाडीला एक लोड पुरत नाही, दोन्ही बाजूंना सारखा पाहिजे, नाहीतर प्लेटा वाकतात, असं त्यांनी जाहीर केलं. आणि दुसऱ्या बाजूचा लोड म्हणून दर गुरुवारी कुणाला न्यायला लागले? माझ्या बायकोला. फिजिक्सच्या प्राध्यापकाची बायको, बॅटरीच्या प्लेटा वाकू नयेत म्हणून पुसेगावला जाते! सुमनला मी हे दोनदा समजावलं. ती म्हणाली, "तुमचं बरोबर असेल," आणि साडी बदलायला आत गेली.

अशात विजयनं कुरियरनं एक लहानसा चार्जर पाठवला. भिंतीत पिन घालायची, दोन चिमटे बॅटरीला लावायचे, बस. गाडी वर्षभर उभी राहिली तरी बॅटरी भरलेली. चार्जर नामी होता. तात्यांनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी गावभर मोहीमच उघडली. चार्जरनं बॅटरी फुगते, गाडी आळशी होते, एवढंच काय, "सलाईनवर ठिवलेला माणूस चालतो व्हय?"

विजयचा मला फोन आला. "सर, तात्या म्हणत्यात चार्जर वाईट. आई म्हणती, तात्या नेत्यात म्हणून जावं लागतं, नायतर मला कुटं जायाची हौस हाय? तिचे गुडघे दुखत्यात. तिला कशाला दर आठवड्याला दगदग? तुमी शिकलेली माणसं. तुमी सांगाल ते फायनल."

इतक्या आदरानं मला बऱ्याच वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. मी खुर्चीत सरसावून बसलो आणि वीस मिनिटं व्याख्यान दिलं. चार्जर उत्तम, बॅटरीला काही होत नाही, लोडाची गोष्ट शुद्ध खुळचटपणा, आईंना घरी बसू दे. विजय म्हणाला, "लय उपकार झाले सर."

त्या गुरुवारी निळी गाडी निघाली नाही. तात्या ठरल्या वेळी आले, चार्जरवरचा हिरवा दिवा बघितला, "बरं हाय," म्हणाले आणि परत गेले. मी खिडकीतून बघत होतो. जिंकल्यासारखं वाटत होतं. मग हिराकाकी बाहेर आल्या. केस विंचरलेले, अंगावर धुवट इस्त्रीची साडी, हातात पिशवी. त्या गाडीशेजारच्या पायरीवर बसल्या. अर्धा तास तशाच बसून होत्या. मग उठल्या, पिशवीची घडी घातली आणि आत गेल्या.

"बघितलंत?" सुमन माझ्या मागं उभी होती. ती चिडली की आवाज चढवत नाही, उतरवते. "तुम्हाला काय वाटलं, ती बाई बॅटरीसाठी येत होती?"

"मग कशासाठी?"

"अहो, नवरा जाऊन तीन वर्षं झाली. नुसती देवळाकडं निघाली तरी चार तोंडं विचारतात, कुठं निघालीस नटूनथटून? लेकाच्या बॅटरीसाठी निघाली म्हटल्यावर कुणाची टाप आहे बोलायची? घरात चार शब्द न बोलणारी बाई गाडीत बसली की गप्प म्हणून राहत नाही. कुणाचा ऊस केवढा झाला, कुणी घर बांधलं, सगळं बघते. आठवडाभर तेवढंच असतं तिला."

"आणि त्या दोन बाजूंच्या लोडाचं काय?"

"ती एकटी, तात्या एकटे. गावानं काय म्हटलं असतं? म्हणून मी." तिनं खिडकीचा पडदा ओढला. "गावात सगळ्या बायकांना कळलेलं आहे हे. राहिलेत ते तुम्ही."

मला खरोखर वाईट वाटलं. विजयला खरं सांगून टाकावं असं आधी मनात आलं. पण सुमन म्हणाली, तो फोन करून म्हणेल, आई, खुशाल फिरायला जा, आणि मग ती मेली तरी जायची नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी मी विजयला फोन लावला. घसा साफ केला. म्हणालो, "विजय, मी चुकलो. चार्जर राहू दे, पण उभ्या गाडीचे टायर बसतात, ब्रेक गंजतात. आठवड्यातून एकदा तासभर फिरवलीच पाहिजे." इथवर खरं होतं.

"बरं सर. मग तात्या एकटेच नेतील की."

"नाही. मागं लोड लागतो. दोन्ही बाजूंना."

"पर सर, तुमीच तर..."

"ते नीट समजायला फिजिक्स लागतं," मी म्हणालो आणि फोन ठेवला. तीस वर्षांतल्या माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांनी एकदम वळून माझ्याकडं बघितल्यासारखं वाटलं.

पुढच्या गुरुवारी मीही गेलो, तात्यांच्या शेजारी पुढच्या सीटवर. पुसेगावात बायका भाजी घ्यायला उतरल्या. तात्यांनी आणि मी टपरीवर चहा सांगितला. मी विचारलं, "तात्या, हे लोडाचं तुम्हाला सुचलं कसं?"

तात्या रस्त्याकडं बघत म्हणाले,

"बावीस वर्सं सायबांच्या बायकापोरास्नी फिरवलं, सर. दार उघडून दिलं, सलाम ठोकला. माजी बायकू शालन हितं घरात. पेन्शनीत आलो तवा तिला इचारलं, तुला कुटं जायाचं हाय का? म्हणाली, कुटं न्हाई. मला वाटलं, नसंल जायाचं. पुन्यांदा इचारलं न्हाई." त्यांनी कप खाली ठेवला. "शेवटाला साताऱ्याच्या दवाखान्यात न्यायची व्हती. शेजाऱ्याची गाडी मागून आणली. मागं आडवी निजवली. जरा गाव सुटलं तशी म्हणाली, मला उठवून बसवा, बाहेर बघू द्या. अंगात ताकद न्हाई, पर दवाखाना येईस्तवर काचंला डोकं लावून बघत व्हती. मला म्हणाली, केवढं बदललंय वो सगळं."

त्यांनी कप उचलून उरलेला चहा संपवला. "बाया जायाचं म्हणून सांगत न्हाईत, सर. त्यास्नी कामाला न्हेल्यागत न्यावं लागतं. ते मला लय उशिरा कळलं."

ह्या माणसाला मी महिनाभर वहीत आकृत्या काढून खुळ्यात काढत होतो, याची लाज वाटली आणि चहाचे पैसे देण्याच्या निमित्तानं मी उठलो.

बायका आल्या. गाडी सुरू झाली. तात्यांनी कोरेगावच्या दिशेला वळण घेतलं, तेवढ्यात मागून हिराकाकींचा आवाज आला, "आवं तात्या, लगीच माघारी? बॅटरी भरली का पुरती?"

तात्यांनी डॅशबोर्डवर वाकून बघितलं. तिथं बॅटरी किती भरली ते दाखवणारं काहीही नव्हतं. "न्हाई वैनी. मागला गुरुवार चुकला न्हवं का. उलीशी कमी हाय."

"मग?"

"वडूजपातूर जावं लागंल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मीही वाकून डॅशबोर्ड बघितला आणि म्हणालो, "वडूज कमीत कमी."

"आता बॅटरीचंच काम म्हटल्यावर इलाज न्हाई," हिराकाकी म्हणाल्या, आणि त्यांनी मागची काच स्वतःच्या हातानं पार खालीपर्यंत केली.