गिटारचं सपाटीकरण

"फक्त घासायचं आहे, ताई! यात कलेचा काही संबंध नाही, हे शुद्ध भौतिकशास्त्र आहे!"

सकाळी दहा वाजता ही घोषणा केली ती दशांशने. दशांश म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. पाणी मागितलं तरी पेला डोळ्यांसमोर धरून किती मिलिलिटर ते आधी सांगायचा, म्हणून हे नाव चिकटलेलं. विज्ञानाची पदवी हातात पडून चार महिने झाले होते आणि तेवढ्यात घरातली एकही वस्तू मोजल्यावाचून सुटली नव्हती.

ताईला मात्र आज चेष्टा सुचत नव्हती. संध्याकाळी पाच वाजता एका शाळेत संगीत शिक्षिकेच्या जागेसाठी तिची मुलाखत होती. गिटार वाजवून मुलांना गाणं शिकवून दाखवायचं होतं. अशा जागेसाठी तिने दोन वर्षं वाट पाहिली होती आणि नेमकी आज गिटार डब्यात अडकलेल्या माशीसारखी झणझणत होती. गिटारच्या मानेवर धातूच्या बारीक आडव्या दांड्या असतात, त्या फ्रेट. तारा घासून घासून पहिल्या तीन फ्रेटना खाचा पडल्या होत्या. दुरुस्तीवाल्याने फोनवर "आठ दिवस लागतील" म्हणून विषय संपवला होता.

"आठ दिवस!" दशांश हसला. "अगं, खालच्या फ्रेटवर दाबलेली तार पुढच्या उंच फ्रेटला घासते, म्हणून झणझणते. सगळ्या एका उंचीत आणल्या की संपलं. चाळीस मिनिटं. फार तर त्रेचाळीस."

"आणि बिघडली तर?"

"बिघडायला त्यात आहे काय?"

ताईने देवाचं नाव घेतलं आणि प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढायला गेली.

दशांश कामाला लागला. तारा काढल्या. लाकडाला ओरखडे नकोत म्हणून फ्रेटच्या मधे मधे चिकटपट्टी लावली. प्रत्येक फ्रेटचा माथा काळ्या पेनाने रंगवला. युक्ती झकास होती: सॅंडपेपर लावलेली लांब, सरळ पट्टी मानेवरून फिरवायची, जिथली शाई आधी पुसेल ती फ्रेट उंच. त्याच्या कंपासमधली पट्टी पंधरा सेंटिमीटरची आणि गिटारची मान पंचेचाळीसची! मग बाहेरच्या खोलीत, आईच्या कापड बेतायच्या टेबलावरून त्याने लाकडी पट्टी उचलली. आई शिवणकाम करायची. तिची पट्टी चांगली हातभर लांब, गुळगुळीत, वजनदार. ती सरळ आहे का, हे तेवढं त्याने पाहिलं नाही. बाकी सगळं मोजलं होतं.

पहिल्याच फेरीत मधल्या सात फ्रेट चकाचक झाल्या. टोकाच्या काळ्याच!

"अरेच्चा, मधे उंचवटा आहे!" तो खूश झाला. त्याने मधला भाग घासला. मग खात्री करायला पट्टी उलटी करून दुसरी कड टेकवली, तर आता मधे फट आणि टोकं उंच! त्याने सॅंडपेपर त्या कडेला लावला आणि टोकं घासली. पुन्हा पहिली कड टेकवली. मध्य उंच!

फोन वाजला. पुन्हा ताई.

"किती झालं?"

"नव्वद टक्के."

"मघाशी पंच्याण्णव म्हणालास ना!"

"मघाशी माझ्याकडे माहिती कमी होती."

बाहेर शिलाई मशीन थांबलं. "माझी पट्टी कुणी घेतली रे?" आईने हाक मारली. "बँकेतले काका पँटसाठी ताटकळलेत!"

"दोन मिनिटं, आई!"

मध्य. टोकं. मध्य. टोकं. चार तास झाले. दशांशच्या भुवयांवर धातूची भुकटी जमली. त्याने वहीत सव्वीस नोंदी केल्या आणि शेवटी निष्कर्ष लिहिला: ही गिटार श्वास घेते.

साडेतीन वाजता गळ्यात टेप अडकवलेली आई आत आली आणि जागीच थबकली.

"अरे, ही तर माझी शेपची पट्टी!"

"शेपची म्हणजे?"

"सुताराकडून मुद्दाम बाक काढून घेतलाय. या कडेला फुगीर, त्या कडेला खोलगट. पँटच्या मांडीचा आकार काढायला!"

"बाक? किती बाक?"

"असेल अर्धा सूत."

दशांशच्या डोक्यात आपोआप गणित झालं. अर्धा सूत म्हणजे एक पूर्णांक सहा मिलिमीटर. फ्रेटची उंची एक मिलिमीटर. त्याने भीत भीत मानेवरून अंगठा फिरवला. कुठे काही लागेना! नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखी मान!

"म्हणजे आता गिटारला मांडी आली?" आईने विचारलं. दशांशने वहीतला निष्कर्ष खोडला.

चार वाजता ताई आली. तिने घाईघाईने तारा चढवल्या, बोटं टेकवली, छेडली. तोंडात घास असल्यासारखी गिटार पुटपुटली. ताईने वरपासून खालपर्यंत मानेवर एक नजर टाकली.

"थांब, अजून एक तास आहे, मी..."

"तू कशालाही हात लावू नकोस. खुर्चीलासुद्धा!"

गिटार तशीच पिशवीत कोंबून ती गेली.

मग दशांशला बसवेना. खिडकी ते दार सात पावलं, दार ते खिडकी सात. तीन वेळा पाणी प्यायला आणि किती मिलिलिटर ते एकदाही पाहिलं नाही. दोन वर्षांची वाट आपण एका दुपारीत घासून टाकली, एवढंच डोक्यात फिरत होतं. आईने बँकेतल्या काकांची पँट शिवून संपवली.

सात वाजता दार उघडलं.

"मिळाली!" ताई म्हणाली. "जागा मिळाली!"

"कशी?" आई आणि दशांश एकदमच ओरडले.

"गिटार पालथी घेतली मांडीवर आणि पाठीवर ताल धरला. मुलांनी बाकं बडवली. शेवटी शिपाईकाकासुद्धा दारात उभे राहून गात होते!"

दशांशच्या जिवात जीव आला. नुसता जीव नाही, हुरूपही. "म्हणजे तसं पाहिलं तर, माझ्यामुळेच..."

"मुख्याध्यापिकाबाईंनी नंतर गिटार सुलटी करून पाहिली. म्हणाल्या, हे काय झालं? मी म्हटलं, उंदराने कुरतडलं."

"उंदराने?" दशांश उसळला. "अगं, तो निकेलचा मिश्रधातू आहे! उंदीर तो कशाला कुरतडेल?"

"अगदी हेच विचारलं त्यांनी. मग नाइलाजाने तुझं नाव सांगावं लागलं."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, त्यापेक्षा उंदीर परवडला असता."