कबड्डी हासुद्धा शब्दच की हो!

खेळाडूंना शिस्त लावणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी अख्ख्या लासुर्ण्याला छातीठोकपणे सांगत होतो. का सांगू नये? गावच्या कबड्डी मंडळाचा मी सचिव!

दुखणं एकच होतं, लखन. लोणी देवकरला कारखान्यात कामाला. गडी चढाईला गेला की समोरचा संघ कोंबड्यांसारखा फडफडायचा. पण तोंड! पंचानं बाद दिलं की हा पंचाच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचा. शेवटी तालुका संघटनेनं बजावलं, ‘पुन्हा शिवी ऐकू आली तर अख्खं मंडळ स्पर्धेतून बाहेर!’

मग मी शहरातल्या मोठ्या संघांसारखा करारनामा केला. स्टॅम्पपेपरवर! मुख्य कलम असं: ‘मैदानात उतरल्यावर खेळाडूने तोंडातून एकही शब्द काढू नये. काढल्यास हकालपट्टी.’

लखननं वाचलं, डोकं खाजवलं.

“दत्तोबा, एकबी शब्द न्हाय?”

“एकबी न्हाय!”

“इचार करा हां.”

“इचार करूनच लिवलंय! कर सही!”

त्यानं केली. मी मिशीवर ताव दिला.

अंतिम सामना इंदापूरला, समोर बारामतीचा संघ. लखन पहिल्या चढाईला गेला आणि... सामसूम! गडी ओठ मिटून, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा फिरतोय!

पंचाची शिट्टी वाजली. “दम कुठाय? परत फिर! बारामतीला गुण!”

“आरं, कबड्डी म्हण की!” मी बाहेरून ओरडलो.

लखननं ओठांवर बोट ठेवलं आणि हवेत सही केल्याची खूण केली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कबड्डी हासुद्धा शब्दच की हो!

पुढच्या चढाईला तीच गत. बारामतीकर लग्नातल्या जिलेब्यांसारखे आयते गुण उचलत होते. लखनची आई कुशाबाई प्रेक्षकांतून किंचाळली, “बोल की मुडद्या! घरी तर तोंड थांबत न्हाय तुजं!”

मध्यंतराला लखन मैदानाबाहेर आला, तसा मी त्याचा दंड धरला. “बोल बाबा! माजी परवानगी हाय!”

“तोंडी चालत न्हाय. बदल करायचा तर लेखी, आन् अध्यक्षांच्या सहीनं. तुमीच लिवलंय.”

मंडळाचे अध्यक्ष हिंदुराव तात्या स्टेजवर माईक धरून भाषण ठोकत होते. मी निमंत्रणपत्रिकेच्या पाठीमागं दोन ओळी खरडल्या आणि वर धावलो.

“तात्या, सही! लवकर!”

“थांब. न वाचता सही करून एकदा विरोधी पॅनेलचा सूचक झालोय मी!” असं म्हणून तात्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. माईकवर!

“‘खेळाडू लखन यास मैदानावर कबड्डी, कबड्डी असे म्हणण्याची परवानगी देण्यात येत आहे.’”

मैदान हास्यानं फुटलं! बारामतीचे पोरगे पोट धरून लोळले. उठले तरी हसू आवरेना. हसता हसता पकड कशी करणार? लखननं एकेकाला टिपलं आणि गुण बरोबरीत आले. शेवटची चढाई उरली.

लखन आत घुसला, कोपरारक्षकाच्या अंगावर झेपावला आणि परत आला. धुरळ्यात पंचाला नीट दिसलं नाही.

“हात लागला का रे? खरं सांग,” पंच म्हणाला.

“कबड्डी,” लखन म्हणाला.

“हो की नाही?”

“कबड्डी! कबड्डी!” लखन कळवळून हात जोडत होता. परवानगी तेवढ्याच शब्दाची होती ना!

“माझी थट्टा करतोस?” पंच लालबुंद झाला. “बारामतीला गुण! सामना संपला!”

लखन मैदानाबाहेर येऊन मटकन बसला. डोळे भरलेले.

“हात लागला हुता ओ, दत्तोबा.”

“मग सांगायचं की!”

“कलमात बसत नव्हतं.”

कुशाबाई पदर खोचून माझ्याकडं येताना दिसली, तसा मी टेम्पोच्या मागं लपलो.

दुसऱ्याच दिवशी मंडळानं गावातल्या ज्ञानेश नावाच्या पोराला सचिव नेमलं. बिनविरोध! मी तात्यांना विचारलं, “त्याची पात्रता काय?”

तात्या म्हणाले, “मराठीत नापास झालाय. त्याच्या हातून करारनामा व्हायचा न्हाय!”